पेंढा, सुपारीची सालं, काथ्याचा भुसा: अळिंबीपासून खतापर्यंतच्या नोंदी

ठिकाण: गुहागर तालुका, खाडीकाठचं नारळ-पोफळीचं आगर. काम: भाताचा पेंढा, सुपारीची सालं आणि विऱ्या (पोफळीच्या झावळीचे रुंद देठ) यांवर धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) घेणं, काथ्याचा भुसा बुरशीकडून कुजवणं आणि शेवटी उरलेल्या सगळ्याचं खत करणं. नोंदी ज्या दिवशीच्या त्याच दिवशी लिहिल्या आहेत. नंतर चूक कळली तरी आधीचा मजकूर बदललेला नाही.

१२ नोव्हेंबर

कच्चा माल पाहिला. गुरांना वर्षभर पुरेल एवढा पेंढा आधी बाजूला काढला, उरला तोच कामाला घेतला. अळिंबीसाठी वैरण तोडायची नाही, हे सुरुवातीलाच ठरवलं आहे. हळव्या (लवकर पिकणाऱ्या) भाताचा पेंढा परतीच्या पावसात भिजून उडवीत (रचलेल्या गंजीत) आतून काळपट पडला होता आणि त्याला आंबूस वास येत होता. तो सगळा बाद केला, कारण जुन्या बुरशीचे बीजाणू पाणी तापवून पुरते मरत नाहीत. गरव्या (उशिरा पिकणाऱ्या) भाताचा पेंढा पिवळाधमक आहे, हातात कडकडतो. तोच घेतला.

सुपारीची सालं मार्चमधल्या सोलणीची, पोत्यांत कोरडी राहिलेली. विऱ्या बागेत पडलेल्यांपैकी फक्त वाळक्या आणि डाग नसलेल्या वेचल्या.

काथ्याचा भुसा जवळच्या कारखान्यातून आणला. सोडणं (नारळाची सालं) खाडीच्या पाण्यात कुजवलेली असल्यामुळे हा भुसा खारट असतो. जिभेला लावला तरी कळतं. धुतल्याशिवाय वापरायचा नाही.

१५ नोव्हेंबर

मांगर (आगरातली शेड) अळिंबीसाठी तयार केला. भिंती जांभ्याच्या, वर नळीची कौलं. जमिनीवर चार बोटं वाळू पसरली. तिच्यावर पाणी मारलं की हवेत दमटपणा टिकतो आणि चिखल होत नाही. खिडक्यांना बारीक जाळी, तिच्यावर गोणपाटाचे पडदे. भिंतींना चुना दिला. पिशव्या टांगायला आगरात सुंभ हवं तेवढं आहे, पण ते घेतलं नाही. दमट खोलीत सुंभालाच बुरशी धरते आणि ती पिशवीवर उतरते. नायलॉनची दोरी घेतली.

१८ नोव्हेंबर

पेंढा दोन ते तीन इंचांचा कापला. याहून लांब ठेवला तर पिशवीत पोकळी राहते आणि बुरशीला एका काडीवरून दुसरीवर जाता येत नाही. भुग्यासारखा बारीक केला तर दाबून बसतो, हवा कोंडते.

पेंढा १२ तास भिजत घातला. सुपारीच्या सालांना ते पुरत नाही. वरच्या गुळगुळीत पापुद्र्यामुळे पाणी आत शिरायला वेळ लागतो. आधी लाकडी मोगरीने ठेचून रेषा (सालातले धागे) मोकळ्या केल्या, मग ३६ तास भिजवल्या आणि पाणी दोनदा बदललं. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस निघालं. तो टॅनिनचा रंग. जास्त राहिलं तर बुरशीची वाढ अडते. विऱ्या कोयत्याने बोटभर रुंद पट्ट्यांत कापून २४ तास भिजवल्या.

१९ नोव्हेंबर

निर्जंतुकीकरण गरम पाण्याने. सोलनच्या मशरूम संशोधन संचालनालयाची रासायनिक पद्धत (१०० लिटर पाण्याला ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिली फॉर्मेलिन, १६ ते १८ तास) जळणाचा खर्च वाचवते. पण इथे तोच पेंढा पुढे खताच्या ढिगात जाणार आहे आणि त्या ढिगात बुरशीच वाढवायची आहे. बुरशीनाशक आधी घालून मग बुरशीची वाट पाहण्यात अर्थ नाही.

२०० लिटरचं पिंप चुलीवर. नव्या जाळीच्या पोत्यात १२ किलो कोरड्या पेंढ्याएवढा माल बांधून बुडवला, वर जांभ्याचा चिरा ठेवला, कारण पेंढा तरंगतो. ८० अंशांवर एक तास. पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही. उकळलं की पेंढ्यातली साखर सुटी होते आणि ती हिरव्या बुरशीला आयतीच मिळते. शिवाय ८० अंशांत टिकून राहणारे काही जिवाणू पुढे आपल्या बुरशीची राखण करतात, तेही उकळण्यात मरतात.

दिवसभरात आठ पिंपं झाली, उरलेली तीन रात्री.

निथळायला तिरप्या जाळीवर, सावलीत. ओल तपासायची ती अशी: मूठभर पेंढा घेऊन जीव काढून पिळायचा. बोटांच्या फटीतून एखादा थेंब येऊन लोंबकळत राहिला, खाली पडला नाही, आणि मूठ उघडल्यावर तळवा ओला लागला, तर बरोबर. धार लागली तर आणखी निथळू द्यायचा. तळवा कोरडा राहिला तर थोडं गरम पाणी शिंपडायचं. खात्रीसाठी १०० ग्रॅम ओला पेंढा लोखंडी तव्यावर मंद आचेवर, वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवला. ३२ ग्रॅम उरला, म्हणजे ओल ६८ टक्के. ६५ ते ७० मध्ये हवी.

२० नोव्हेंबर

बियाणं भरलं. धिंगरीची प्ल्युरोटस साजोर-काजू ही जात, ज्वारीच्या दाण्यावर वाढवलेली बुरशी हेच बियाणं, २२ दिवसांचं. दाणे पांढऱ्या कापसात गुंडाळल्यासारखे, पिशवी हलवली की सुटे होणारे. एका पिशवीच्या कोपऱ्यात हिरवट ठिपका दिसला. ती अख्खी पिशवी बाजूला केली, ठिपका काढून बाकीचं वापरलं नाही.

पिशव्या १४ बाय २२ इंचांच्या, पॉलिप्रॉपिलीनच्या. प्रत्येकीत ५ किलो ओला माल, म्हणजे कोरडा सुमारे १.६ किलो. बियाणं ओल्या वजनाच्या २ टक्के, पिशवीला १०० ग्रॅम. चार थर, बियाणं कडेने जास्त, मध्ये कमी. तोंड बांधून २५ ते ३० भोकं पाडली.

अ गट: नुसता पेंढा, ४० पिशव्या. ब गट: पेंढा आणि सुपारीची सालं निम्मी-निम्मी, २० पिशव्या. क गट: नुसत्या विऱ्या, २० पिशव्या. एकूण बियाणं ८ किलो.

ब गटातल्या पहिल्या ८ पिशव्यांची सालं तीनच तास निथळली होती. पुढच्या १२ पिशव्यांची रात्रभर. हे मुद्दाम केलेलं नाही, वेळेअभावी झालं. म्हणून पिशव्यांवर खुणा करून ठेवल्या.

२८ नोव्हेंबर

आठवा दिवस. अंधाऱ्या खोलीत हवा २६ अंश, पिशवीच्या पोटात २९. चार बोटांचं अंतर ठेवलं आहे. पिशव्या एकमेकींना खेटल्या तर पोटातलं तापमान ३२ च्या वर चढतं आणि बुरशी मधूनच मरते. बाहेरून पिशवी पांढरी दिसत राहते, त्यामुळे हे उशिरा कळतं.

अ गटात प्रत्येक दाण्याभोवती बोटभर पांढरं वर्तुळ. क गटातही वाढ आहे, पण पट्ट्यांच्या आतल्या मऊ बाजूवर. बाहेरची चकचकीत बाजू अजून कोरीच. ब गटात एक गोष्ट भिंगाखाली पाहण्यासारखी आहे. बुरशीचा तंतू पेंढ्याच्या काडीवरून पसरत येतो, सुपारीच्या रेषेपाशी दोन दिवस थांबतो, मग रेषेच्या ठेचलेल्या तोंडातून आत शिरतो. न ठेचलेल्या रेषांवर काहीच नाही. मोगरी मारण्याचा कंटाळा करायचा नाही, तो का, ते इथे दिसतं.

काम कोण करतं, तेही लिहून ठेवतो. पेंढ्यातला सेल्युलोज लिग्निनच्या आवरणात गुंतलेला असतो. बहुतेक जिवाणूंना ते आवरण फोडता येत नाही. धिंगरी लॅकेज आणि मँगनीज पेरॉक्सिडेज ही विकरं बाहेर सोडते, त्यांनी लिग्निन तुटतं आणि आतली साखर तिला मिळते. म्हणून अळिंबी आधी आणि खत नंतर हा क्रम.

१ डिसेंबर

काथ्याच्या भुशाचा ढीग लावला. भुसा तीन पाण्यांनी धुतला. तिसऱ्या धुण्यानंतर खारट चव गेली. कोइमतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाची पद्धत: १ टन भुशाला धिंगरीच्या बियाण्याच्या ५ बाटल्या आणि ५ किलो युरिया. आमचा भुसा ६०० किलो, म्हणून तीन बाटल्या आणि ३ किलो युरिया.

पोफळीच्या सावलीत १०० किलोचा थर, त्यावर एक बाटली बियाणं. वर १०० किलोचा दुसरा थर, त्यावर १ किलो युरिया. असे आळीपाळीने सहा थर. बियाणं आणि युरिया एकाच थरावर कधीच टाकायचे नाहीत. युरियातून सुटणारा अमोनिया बियाण्याला जाळतो. वर नारळाच्या झापांनी झाकलं.

कच्च्या भुशात कर्ब-नत्र गुणोत्तर ११२ ला १ च्या आसपास असतं. असा भुसा झाडाला घातला तर कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि झाड पिवळं पडतं. खत म्हणून कच्चा भुसा नारळाच्या आळ्यात ओतणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

६ डिसेंबर

बिघाड दोन प्रकारचे.

अ गटात तीन पिशव्यांतून राखाडी, बारीक देठाच्या छत्र्या बाहेर आल्या. सकाळी उभ्या होत्या, दुपारी टोप्या काळ्या पडून शाईसारख्या ओघळल्या. ही कोप्रिनस, शाईछत्री. पेंढा नीट तापला नाही की येते. तिन्ही पिशव्या चौथ्या पिंपाच्या निघाल्या. त्या पिंपात थर्मामीटर पाण्याच्या वरच्या थरात लटकत होता, पोत्याच्या पोटात नव्हता. आज तसाच माल भरून पुन्हा पाहिलं: वर ८१, पोत्याच्या मध्यात ६२. यापुढे थर्मामीटरची कांडी पोत्याच्या पोटातच, आणि मध्यात ८० झाल्यावरच तास मोजायला सुरुवात.

ब गटात सहा पिशव्यांवर हिरवी बुरशी, ट्रायकोडर्मा. सहाही पिशव्या तीनच तास निथळलेल्या आठांपैकी. त्यांतली एक बाहेर नेऊन फोडली आणि तव्यावर ओल मोजली: ७६ टक्के. सुपारीचं साल मुठीत पिळताना फसवतं. वरून कोरडं लागतं, रेषांच्या आत पाणी धरून ठेवतं. अशा ओल्या, हवा कोंडलेल्या जागी धिंगरी मंदावते आणि ट्रायकोडर्मा पुढे सरकतो. सालांसाठी मुठीची कसोटी चालत नाही. रात्रभर निथळणं आणि तव्यावर मोजणं हाच उपाय.

क गटात दोन पिशव्या हिरव्या.

अकराही पिशव्या बाहेर नेल्या. आधी ओल्या गोणपाटात गुंडाळल्या, मग उचलल्या, कारण एक झटका बसला तरी हिरव्या भुकटीचे बीजाणू खोलीभर होतात. पिंपात तासभर उकळून मातीखाली गाडून ठेवल्या. खताच्या वेळी काढू. ज्यांनी पिशव्या हलवल्या त्यांनी कपडे बदलल्याशिवाय मांगरात यायचं नाही.

११ डिसेंबर

अ गट १९ दिवसांत पूर्ण पांढरा झाला. परवा पिशव्या कापून गठ्ठे टांगले. क गट आज कापला. ब गटाला आणखी तीन-चार दिवस लागतील.

कापल्यावर खोलीचं काम बदलतं. अंधार नको, वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड हवा. दमटपणा ८० ते ८५ टक्के. खिडक्या दिवसातून चारदा उघडायच्या. कोंडलेल्या हवेत कर्बवायू साठला की देठ बोटाएवढे लांब आणि टोप्या बटणाएवढ्या होतात.

१८ डिसेंबर

अ गटाची पहिली तोडणी. टोपीची कड खाली वळलेली असतानाच काढली. कड वर वळायला लागली की बीजाणू सुटतात, खोलीत पांढरं धुकं दिसतं आणि काम करणाऱ्याला खोकला लागतो. तोडताना नाकाला फडकं किंवा मास्क हवाच; हा खोकला रोज लागला तर फुप्फुसाचा आजार होऊ शकतो.

झुबका तळाशी धरून पिरगळून काढायचा. सुरीने कापला तर बुंधा राहतो, कुजतो आणि त्यावर माश्या येतात. तोडणीच्या आधी त्या दिवशी पाणी मारायचं नाही. ओली अळिंबी संध्याकाळपर्यंत चिकट होते.

२७ डिसेंबर

पहाटेपासून मतलई. सकाळी ७ वाजता मांगरात दमटपणा ५४ टक्के. दुसऱ्या बाराचे (खेपेचे) टाचणीएवढे कोंब पूर्वेकडच्या रांगेत टोकाशी तपकिरी होऊन वाळले. पश्चिमेकडची रांग ठीक आहे.

इथे वाऱ्याचा विचार केल्याशिवाय मांगर चालत नाही. दुपारी खारा वारा समुद्राकडून दमट हवा आणतो, तेव्हा पश्चिमेच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या. रात्री आणि सकाळी जमिनीकडून मतलई येते, ती कोरडी. पूर्वेला आता गोणपाटाचे दोन पडदे, दोन्ही ओले, आणि सकाळी १० पर्यंत बंद. वाळूवर पहाटे ५ लाच पाणी. फवारणी दोनऐवजी चारदा, पण धुक्यासारखी. टोपीवर थेंब साचता कामा नयेत.

खताचा ढीग मांगराच्या कोणत्या बाजूला लावायचा तेही यावरून ठरलं: पूर्वेला, २०० पावलांवर. दिवसाचा जोराचा वारा ढिगावरचे बीजाणू मांगरापासून लांब नेईल. मतलई ते इकडे आणेल खरी, पण तेव्हा पूर्वेचे पडदे बंद आणि ओले असतील.

५ जानेवारी

काही टोप्यांवर पिवळसर-तपकिरी, ओलसर डाग. हा जिवाणूंचा डाग. टोपी तासन्‌तास ओली राहिली की येतो. पाणी मारल्यावर खिडक्या उघडून तासाभरात टोप्या कोरड्या व्हायला हव्यात, तसं होत नव्हतं. गेल्या आठवड्यात वाढवलेल्या चार फवारण्यांचाच हा परिणाम. संध्याकाळची फवारणी बंद केली, तेवढा दमटपणा वाळूतून मिळवायचा. डागाळलेले झुबके काढून टाकले.

बारीक काळ्या माश्याही दिसू लागल्या. पिवळ्या पत्र्यावर एरंडेल लावून बल्बशेजारी टांगला. एका रात्रीत पत्रा ठिपक्यांनी भरला. फवारणीचं औषध मांगरात आणायचं नाही, कारण अळिंबी दोन दिवसांत कुणाच्या तरी पानात जाणार असते.

२० जानेवारी

तीन बार संपले. चौथा घेण्यात अर्थ नाही. गठ्ठे हलके झालेत आणि माश्या वाढतात.

अ गट, ३७ पिशव्या: पिशवीमागे सरासरी ५२०, ३४० आणि २१० ग्रॅम, एकूण १ किलो ७० ग्रॅम. कोरड्या पेंढ्याच्या ६७ टक्के.
ब गट, १४ पिशव्या: ३८०, २६०, १७०, एकूण ८१० ग्रॅम, सुमारे ५१ टक्के.
क गट, १८ पिशव्या: ४००, २२०, १००, एकूण ७२० ग्रॅम, ४५ टक्के.

मिळून सुमारे ६४ किलो ताजी अळिंबी.

विऱ्यांचा पहिला बार चांगला येतो आणि मग एकदम उतरतो. सुपारीची सालं सावकाश पण शेवटपर्यंत देत राहतात. पुढच्या हंगामात नुसत्या विऱ्या नकोत. पेंढा दोन भाग आणि सालं एक भाग करून पाहायचं. पेंढ्यापेक्षा उत्पन्न कमी आलं तरी सालांचं मोल वेगळं आहे. पेंढा गुरं खातात. सुपारीची सालं आगरात जाळलीच जातात.

वाळवण: १० किलो ताज्याची साधारण १ किलो होते. आधी उन्हात पांढऱ्या फडक्याखाली, शेवट ५० अंशांच्या पेटीत, हाताने मोडल्यावर कटकन तुटेपर्यंत. नुसत्या उन्हावर ठेवलेला एक डबा आठवड्यात मऊ पडला. किनाऱ्यावरची हवा वाळलेल्या वस्तूला कोरडी राहू देत नाही, म्हणून पेटीतून काढली की गार होताच हवाबंद करायची.

२४ जानेवारी

खताचा ढीग. संपलेले गठ्ठे १८० किलो, गाडून ठेवलेल्या अकरा पिशव्यांचा माल ५५ किलो, गिरिपुष्पाचा पाला ६० किलो, शेण ४० किलो पाण्यात कालवून. प्लास्टिकचा एकही तुकडा राहू दिला नाही. उंची, लांबी, रुंदी प्रत्येकी एक मीटर. याहून लहान ढीग तापत नाही. बाधित माल ढिगाच्या मध्यभागी, कारण तिथेच उष्णता जास्त.

३० जानेवारी

काथ्याचा ढीग ६० दिवसांचा झाला. तांबूस भुसा काळपट झाला, कमरेएवढा होता तो गुडघ्यापर्यंत बसला. वास पहिल्या पावसातल्या मातीसारखा. दोन जागी अजून तांबूस गाठी आहेत, दोन्ही युरियाच्या थरालगत. तिथे युरिया एका जागी ओतला गेला होता, पसरला नव्हता. गाठी वेगळ्या काढून नव्या ढिगासाठी ठेवल्या.

११ फेब्रुवारी

खताच्या ढिगाचं तापमान: तिसऱ्या दिवशी ५८, सहाव्या दिवशी ६३. नवव्या दिवशी पालटला, पुन्हा ५७ पर्यंत चढला. आज ३७.

आज ट्रायकोडर्मा घातला. ५०० ग्रॅम संवर्धक पंधरा दिवसांपूर्वी ५० किलो ओलसर, चाळलेल्या शेणखतात मिसळून सावलीत वाढवलं होतं. वर हिरवी झाक आली आहे. पुष्कळ जण ढीग लावतानाच ट्रायकोडर्मा टाकतात. तेव्हाचे पैसे वाया जातात, कारण ही बुरशी २५ ते ३० अंशांत जोमाने वाढते आणि ६० अंशांच्या ढिगात टिकत नाही. ढीग तापून ४० च्या खाली आला की मगच तिची वेळ.

डिसेंबरात जिच्यामुळे सहा पिशव्या गेल्या तीच ही हिरवी बुरशी. पिशवीत ती धिंगरीला खाते. ढिगात, धिंगरीने लिग्निन सैल करून ठेवलेला सेल्युलोज ती भराभर फोडते आणि पुढे शेतात मूळकुज आणणाऱ्या बुरशींना वाढू देत नाही. म्हणून नियम एवढाच: ढिगाचं फावडं, घमेलं आणि चपला ढिगापाशीच राहतील. मांगरातलं काम सकाळी, ढिगाचं दुपारनंतर. उलट क्रम कधीच नाही.

१ मार्च

मांगरात दुपारी ३२ अंश. धिंगरीचा हंगाम संपला. आता दुधी अळिंबी, कॅलोसायबी इंडिका. ही आपल्याच मुलखातली. १९७४ साली पुरकायस्थ आणि चंद्रा यांनी पश्चिम बंगालमधून तिचं वर्णन केलं. तिला ३० ते ३५ अंश मानवतात, म्हणजे इथला मार्च ते मे.

गरव्याच्या उरलेल्या पेंढ्यात २४ पिशव्या भरल्या. बियाणं ४ टक्के, पिशवीला २०० ग्रॅम. दुधीचं बियाणं फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, थंडीने मरतं. धिंगरीच्या सवयीने आणलेलं बियाणं फ्रीजमध्ये ढकललं जातं आणि मग पिशव्या पांढऱ्या का होत नाहीत म्हणून पेंढ्याला दोष दिला जातो.

२२ मार्च

पिशव्या पूर्ण पांढऱ्या. दुधीला वर मातीचा थर लागतो, त्याशिवाय कोंब येत नाहीत. आमच्या लाल मातीचा सामू (पीएच) ५.६ आहे आणि थराला ८ ते ८.५ हवा. म्हणून काथ्याच्या भुशाचं खत दोन भाग, बागेतली माती एक भाग, आणि खडूची भुकटी सामू ८ येईपर्यंत. तासभर वाफवून, गार करून साडेतीन सेंटिमीटरचा सपाट थर दिला. काथ्याचं खत पाणी धरतं आणि घट्ट बसत नाही. नुसत्या मातीचा थर दोन फवारण्यांत दगड होतो.

९ एप्रिल

अठराव्या दिवशी पहिली तोडणी. पांढऱ्याशुभ्र, जाड देठाच्या. फ्रीजशिवाय तीन दिवस टिकतात, आणि बाजार लांब असलेल्या गावाला हा मोठा आधार आहे.

विहीर मात्र मचूळ झाली. चार पिशव्यांवर थराच्या वर पांढरी खार आणि कोंबांच्या कडा करपलेल्या. वरच्या वाडीतल्या झऱ्याचं पाणी आणून फवारलं. पुढच्या वर्षी मार्चपासून फवारणीचं पाणी वेगळं साठवायचं.

१५ मे

खत पक्व झालं का, याची चाचणी. एक भाग खत, दहा भाग पाणी, गाळून घेतलं. ओल्या कापडावर २० मुगाचे दाणे त्या पाण्यात, २० साध्या पाण्यात. तीन दिवसांनी साध्या पाण्यात १९ रुजले, खताच्या पाण्यात १८, मुळांची लांबी सारखीच. हीच चाचणी मार्चअखेर घेतली तेव्हा खताच्या पाण्यात ११ रुजले होते आणि मुळांची टोकं तपकिरी होती. वरून खत तेव्हाही काळं आणि भुसभुशीत दिसत होतं. रंगावर विसंबून घातलं असतं तर रोपं गेली असती.

चाळून १४० किलो भरलं. चाळणीवर राहिलेल्या सुपारीच्या रेषा पुढच्या ढिगात.

२ जून

भाताच्या तरव्यासाठी (रोपवाटिकेसाठी) सारख्या मापाचे दोन वाफे. एकात नेहमीप्रमाणे राब भाजला (पालापाचोळा पसरून जाळला), दुसऱ्यात न भाजता गुंठ्याला १०० किलो या प्रमाणात खत मिसळलं. राबाच्या धगीने तणाचं बी मरतं, खताने मरत नाही. त्यामुळे खताच्या वाफ्यात बेणणी जास्त लागेल, तिचे तास वेगळे मोजायचे. बियाणं एकाच पोत्यातलं, पेरणी एकाच दिवशी.

उरलेलं खत पडवीत, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, पोत्यांची तोंडं सैल बांधून. घट्ट बांधलं तर आतला जीव गुदमरतो, उघडं ठेवलं तर पागोळ्यांनी भिजतं. नैऋत्येकडून झड येते त्या बाजूला झापांचा आडोसा आजच बांधला.

तरव्याची पहिली मोजणी पेरणीनंतर बाराव्या दिवशी: वाफ्यागणिक तीन जागी एक फुटाचा चौकोन टाकून रोपं आणि तण वेगवेगळं मोजायचं.